इष्टलिंग घालून दुबई पाहिली

दुबईहून आल्यापासून घरात माणसांची रीघ लागली आहे. कसं होतं, काय खाल्लंत, ऊन लई होतं का, सोनं आणलं का. तेच तेच सांगून माझा घसा बसला. म्हणून हे लिहून काढते. ज्यांना जायचं आहे त्यांना उपयोग होईल. ज्यांना जायचं नाही त्यांनी वाचून गप्प बसावं.

शाहूपुरी

बेत मुळात माझा नव्हता, माझ्या मुलाचा होता. शिवानंदचं शाहूपुरीत मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्याच्या ओळखीचे व्यापारी दुबईला जाऊन आले आणि तिथले फोटो टेबलाच्या काचेखाली सारून गिऱ्हाइकांना दाखवायला लागले, तेव्हापासून ह्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. तो, माझी सून सुनंदा आणि अकरावीतली नात गौरी, असं तिघांनी जायचं ठरलं. मला इचलकरंजीला लेकीकडं ठेवायचं ठरलं. हे सगळं मला न विचारता ठरलं आणि जेवताना सांगण्यात आलं.

"मला का न्हाई?" मी विचारलं.

"अव्वा, तुला झेपायचं न्हाई."

"काय झेपायचं न्हाई? विमान मी डोक्यावर घ्यायचं हाय का?"

सुनंदा ताटाकडं बघून हसली. ती शाळेत शिकवते, पण नवऱ्यापुढं हसायचं झालं की ताटाकडं बघते.

मग खरं कारण बाहेर आलं. आम्ही लिंगायत. आमच्यात गळ्यात इष्टलिंग असतं. ते अंगावेगळं करायचं नाही, झोपेत नाही आणि अंघोळीतही नाही. बाळंतपणात मी काढलं नव्हतं. मोतीबिंदूच्या वेळी डॉक्टर काढा म्हणाले, तेव्हा मी म्हणाले, मग डोळा राहू दे. शेवटी डॉक्टरांनीच ऐकलं. आता घरात असं पाळणारी मी एकटी. शिवानंद त्याचं लिंग देव्हाऱ्यात ठेवतो आणि दुकानाला जातो. मी त्याला कधी काही म्हटलेलं नाही. त्याचं त्याच्यापाशी.

"विमानतळावर तपासत्यात, अव्वा," तो म्हणाला. "अंगावरचं काढून ट्रेमध्ये ठेव म्हणत्यात. तू काढणार न्हाईस, ते सोडणार न्हाईत. तू अडलीस की आम्ही पण अडलो. तिकिटं पाण्यात आणि वर चारचौघांत शोभा."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आईला दारात ठेवून तो विमानात बसला असता तर गल्लीनं त्याला जगू दिलं नसतं. पण माझंही एक म्हणणं होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून माणसं कुठंही निघाली की घर राखायला मी. तिरुपतीला गेली, मी घरी. म्हैसूरचा दसरा बघायला गेली, मी घरी. एवढं राखलं नसतं तर घर कुठं पळून जाणार होतं कुणास ठाऊक.

"मी येणार," मी म्हणाले. "लिंग काढणार न्हाई. मुंबईत अडवलं तर तुम्ही तिघं पुढं जावा, मी यष्टीनं परत येते. आणि घराला कुलूप लावा."

"आणि परत येताना दुबईत अडवलं तर? तिथं यष्टी कुठली?"

मी भाकरी मोडली आणि म्हणाले, "तवाचं तवा बघू."

जायचं ठरल्यावर बेत मी हातात घेतला, कारण शिवानंदला पंप कळतात, बाकी काही कळत नाही. त्याच्याबरोबर मी तिकीटवाल्याच्या ऑफिसात गेले. गळ्यात टाय बांधलेले गृहस्थ काचेच्या टेबलामागं बसले होते.

"आजी, मे महिन्यात जावा. लई स्वस्त पडतंय."

"मे महिन्यात आम्ही उन्हाच्या भीतीनं नरसोबाच्या वाडीला जात न्हाई. वाळवंटात कशाला जाऊ?"

शिवानंदनं तोवर सहीला पेन काढलं होतं. ते मी त्याच्या खिशात परत घातलं. दिवाळीनंतरचं ठरलं.

मग राहायची जागा. त्यांनी समुद्राकाठच्या उंच हॉटेलचं चित्र दाखवलं. मी विचारलं, खोलीत शेगडी आहे का? नाही म्हणाले. मग नको. आम्ही मांसमच्छर खात नाही, अंडंही नाही, आणि रोज कुणाच्या कढईत काय तळलंय हे विचारत फिरायला मी जाणार नव्हते. शोधून शोधून त्यांनी बर दुबई म्हणून जुना भाग आहे तिथं स्वयंपाकघरासकट खोल्या काढल्या.

"पण आजी, तिथनं समुद्र दिसत न्हाई."

"समुद्र बघायला खिडकी कशाला लागती? पाय हायत की."

त्याच माणसानं एक कामाची गोष्ट सांगितली, ती सगळ्यांनी ध्यानात ठेवावी. दुबईत खसखशीला बंदी आहे. सापडली तर तुरुंगात घालतात. आता कोल्हापूरचा मसाला आणि त्यात खसखस नाही असं कुठलं घर आहे? आमची वर्षाची बरणी भरलेली होती. ती तशीच ठेवली आणि प्रवासापुरता वेगळा मसाला कुटला, बिनखसखशीचा. निघायच्या दिवशी सुनंदाची पिशवी जड लागली म्हणून उघडली, तर तळाशी तिच्या आईनं उचगावहून पाठवलेला मसाल्याचा डबा. झाकण काढून बघितलं. खसखस हात सैल सोडून घातलेली.

"अव्वा, आईनं मायेनं दिलाय हो," सुनंदा म्हणाली.

"माया फडताळात ठेव. आल्यावर खाऊ."

विहीणबाई महिनाभर रुसल्या. रुसू देत. जावई तुरुंगात गेल्यावर जास्त रुसल्या असत्या.

माझी स्वतःची तयारी थोडी होती. लिंग चांदीच्या डबीत असतं, तिला आम्ही करडगी म्हणतो. यंत्र धातूला ओरडतं असं गौरीनं सायबर कॅफेत वाचून सांगितलं. मग चांदीची डबी हवीच कशाला? माझी आई जन्मभर कापडातच लिंग बांधायची, तिच्याकडं चांदी नव्हती. मी जाड मांजरपाटाची पिशवी शिवली, लिंग त्यात घातलं, सुती दोऱ्यानं गळ्यात बांधलं आणि करडगी कपाटात ठेवली.

मुंबई

विमानतळावर बायकांची तपासणी पडद्यामागं होती. आत खाकीतली बाई. यंत्र गप्प राहिलं, पण बाईचा हात पिशवीवर थांबला.

"आजी, गळ्यात काय हाय हे?"

"इष्टलिंग."

"आमच्या कऱ्हाडला शेजारीण घालती. जावा पुढं."

एवढंच. मी बाहेर आले आणि शिवानंदकडं बघितलं. त्याचा चेहरा उजळायला हवा होता. तो म्हणाला, "ती आपली बाई होती, अव्वा. येताना त्यांची बाई असणार."

खरं बोलायचं पण वेळ बघून बोलायचं, हे त्याला त्याच्या बापानंही शिकवलं नाही.

विमानाबद्दल काय लिहू? बसायला जागा कमी आणि बायका सारख्या काहीतरी आणून देत होत्या. ढग वरून बघितले. पिंजलेल्या कापसाचा ढीग पडावा तसे दिसले. ते बघण्यासारखं आहे.

दुबई

पहिली गोष्ट ध्यानात आली ती रस्ते. आपल्या दसरा चौकात मावणार नाहीत एवढे रुंद, आणि त्यावर चालणारं माणूस एकही नाही. सगळे मोटारीत. कोल्हापुरात रस्त्यावर उभं राहून बोलतात, बोलता बोलता भांडतात, भांडता भांडता चहाला जातात. इथं तसं काही नाही. झाडंसुद्धा नळीनं पाणी पितात. प्रत्येक झाडाच्या बुडाला काळी नळी. मी गौरीला म्हणाले, दवाखान्यातल्या सलाईनसारखं आहे. पण झाडं जगवली आहेत हे मान्य करते. आपल्याकडं पंचगंगा भरून वाहते आणि रस्त्याकडंची झाडं वाळतात.

खोल्या चांगल्या होत्या. शेगडी होती. न्हाणीघरात मात्र बादली नव्हती. माणूस आत झोपेल एवढा पांढरा टब होता, पण मी काही म्हैस नव्हे पाण्यात बसून राहायला. खाली फोन करून बादली मागवली. एक बिहारी गृहस्थ आले, माझ्या मुलाच्या वयाचे, आणि हातात स्टीलची एवढीशी, झाकणाची बादली. ती बर्फ ठेवायची होती.

"माताजी, यहाँ यही मिलता है."

त्यांना तरी काय बोलणार? तीच घेतली. ती तांब्याच्या जागी वापरली आणि टबात उभी राहून अंघोळ केली. चारही दिवस तसंच. काही अडलं नाही.

पहाटे जवळच्या मशिदीत बांग झाली की मला जाग यायची. माझी उठायची वेळ तीच, त्यामुळं घड्याळ बघावं लागलं नाही. अंघोळ करून कपाळाला विभूती लावायची आणि डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसायचं. घरी गौरी ह्या वेळी झोपलेली असते. इथं ती माझ्याच खोलीत होती म्हणून बघत बसली.

"अज्जी, हात दुखत न्हाई?"

"पहिली वीस वर्षं दुखला."

बेलाची पानं मिळतील का ही एक काळजी होती. तीही मिटली. खाडीजवळ एका अरुंद बोळात शंकराचं देऊळ आहे, तिथं फुलंवाले आहेत. झेंडू, तुळस, बेल, सगळं विमानानं येतं. फुलं विमानानं हिंडतात आणि मला घर राखायला ठेवतात, हे मी शिवानंदला ऐकवलं. त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं.

खाडी मात्र झकास. लाकडी नावेत बसून पलीकडं जायचं. नावेला कठडा नाही, मधल्या फळीवर दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून बसायचं. शेजारी दोन पठाण, त्यांच्या पलीकडं एक फिलिपिनी पोरगी, आणि मी इरकली लुगड्यात. कुणी कुणाकडं वळून बघितलं नाही. मला ते आवडलं. आपल्या गल्लीत नवी चप्पल घातली तरी तीन बायका दारात येतात.

वाळवंटात न्यायला जी गाडी आली तिचा ड्रायव्हर पाकिस्तानातला होता, पंजाबकडचा. शिवानंद आधी जरा आवरून बसला होता. मी विचारलं, गावाकडं काय पिकतं? ऊस म्हणाला. म्हशी आहेत का? आठ, म्हणाला. मग काय, रस्ताभर आमचं उसाचं आणि म्हशींचं चाललं. इथं डब्यातलं दूध पितो, त्याला चव नाही, असं तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की आमच्याकडं संध्याकाळी म्हशी गावात आणतात आणि पुढ्यात धार काढून पेला हातात देतात. त्यानं गाडीचा वेग कमी केला आणि विचारलं, "अभी भी?"

"अभी भी."

त्यानं मान हलवली आणि पुन्हा वेग धरला. मग म्हणाला, "अम्मा, आपका शहर अच्छा है." मी म्हणाले, तेवढं खरं आहे.

वाळूच्या टेकड्यांवर मात्र त्यानं गाडी अशी फिरवली की सुनंदा डोळे मिटून बसली, गौरीला उलटी झाली आणि शिवानंद "भाईसाब, बस करो" म्हणायला लागला. मला काही झालं नाही. उसाच्या ट्रॉलीत बसून गावाकडची वाट ज्यानं केली त्याला ह्यात विशेष काय वाटणार? खाली उतरून वाळू हातात घेतली. ही वाळू नदीची नाही, ती बोटांत ठरत नाही, पिठासारखी निसटते. सूर्य बुडताना सगळी जमीन हळदीच्या रंगाची झाली. उगाच कौतुक करायची मला सवय नाही, पण ते बघून यावं.

दुकानांच्या एका मोठ्या इमारतीत काचेआड बर्फाचा डोंगर केला आहे. बाहेर घाम आणि आत माणसं कोट घालून घसरतात. मला ते नाही आवडलं. रात्री खोलीवर भाकरी, पिठलं आणि बिनखसखशीच्या मसाल्याची आमटी केली. तिघांनी बोटं चाटली. शिवानंद म्हणाला, "अव्वा, तू आलीस ते बरं झालं." मी म्हणाले, पिठलं संपवा.

शेवटच्या संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला. हातात मखमलीची लहान डबी होती, सोन्याच्या बाजारातून आणलेली.

"अव्वा, हे बघ. लिंग ह्यात ठेवूया. डबी मोठ्या बॅगेत. ती विमानाच्या पोटात जाती, कुणी विचारत न्हाई. मुंबईत उतरलं की घाल गळ्यात. नुसतं तीन तासांचं काम."

"न्हाई."

"उद्या त्यांनी धरून ठेवलं तर? भाषा येत न्हाई, ओळख न्हाई. परका मुलूख हाय, अव्वा! माझं ऐक की जरा."

तो भ्यालेला होता हे मला दिसत होतं. भीती मलाही होती. पण मी म्हणाले, "तू तुझं घरी ठेवून आलास. मी तुला कधी काय म्हटलं? मग तू मला म्हणू नको."

तेवढ्यात दारातून सुनंदा म्हणाली, "अहो, राहू द्या की. अडवलं तर मी थांबते अव्वांसंगं. तुम्ही गौरीला घेऊन जावा."

लग्नाला अठरा वर्षं झाली, ती नवऱ्यापुढं कधी असं बोलली नव्हती. ह्या वेळी ती ताटाकडं बघत नव्हती.

परतीचं दार

दुबईच्या विमानतळावर फरशी इतकी चकचकीत की लुगड्याचे काठ खाली दिसत होते. तपासणीला बायकांची रांग वेगळी, पुरुषांची शेजारी. पुढं गौरी, मग सुनंदा, मग मी. त्या दोघी पार झाल्या. मी कमानीखाली गेले. यंत्र गप्प. काळ्या झग्यातल्या बाईनं हात फिरवला आणि छातीपाशी थांबली.

"ये क्या है?"

"हमारा देव है."

"निकालो. इधर रखो." तिनं प्लॅस्टिकचा ट्रे पुढं सरकवला. त्यात आधीच कुणाची तरी चप्पल होती.

"नहीं रखेगी," मी म्हणाले. माझं हिंदी एवढंच.

गौरी पलीकडून इंग्रजीत काहीतरी भरभर सांगायला लागली. बाईनं मान हलवली आणि वरच्या बाईला हाक मारली. मागची रांग वाढली. कुणीतरी चुकचुकलं. पुरुषांच्या रांगेतून शिवानंद ओरडला, "अव्वा, ठेव की गं! दोन मिनिटांचं काम हाय!"

वरची बाई आली. वयानं मोठी, डोळ्यांत काजळ. तिनं ट्रेकडं बोट दाखवलं, मग माझ्याकडं. रागावलेली नव्हती. तिला बघायचं होतं, बस. ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांना माझा देव काढून घ्यायचा नव्हता, पिशवीत काय आहे ते बघायचं होतं. आणि बघायला माझी ना नव्हती. उघडा देव तर मी रोजच बघते.

मी पिशवीची गाठ सोडली. दोरा गळ्यात तसाच ठेवला. लिंग काढलं आणि डाव्या तळहातावर ठेवलं, रोज ठेवते तसं. हात तिच्यापुढं धरला.

"देखो," मी म्हणाले. "जितना देखना है, देखो. हाथ में ही रहेगा."

ती वाकली. काळं, गुळगुळीत लिंग तिनं जवळून बघितलं. बोट पुढं आणलं आणि माझ्याकडं बघून परत घेतलं. मग हातातलं यंत्र माझ्या तळहातावरून फिरवलं, एकदा उलटं, एकदा सुलटं. आवाज आला नाही. रिकामी पिशवी उलटी करून बघितली. माझी बोटं कापडाच्या पट्टीनं पुसली आणि ती पट्टी तपासायच्या पेटीत घातली, बोटांना दारूगोळा लागलाय का ते कळायला. आम्ही सगळ्या पेटीकडं बघत उभ्या. हिरवा दिवा लागला.

"पत्थर?" तिनं विचारलं.

"भगवान."

तिनं मान डोलावली आणि ट्रे बाजूला केला. "हाथ ऐसे ही. जाओ, अम्मा."

मी तळहात पुढं धरून चालत पार झाले. लोकांनी वाट दिली. रोज जे खाली बसून करते तेच चालत केलं, एवढाच फरक. पलीकडं सुनंदानं पिशवी धरली, मी लिंग आत ठेवलं आणि गाठ मारली. गौरी रडत होती. तिला म्हटलं, नाक पूस, लोकं बघत्यात.

तेवढ्यात शेजारच्या कमानीत यंत्र ओरडलं.

शिवानंद. दुबईत घेतलेला पट्टा, त्याला ताटलीएवढं बक्कल. पट्टा काढला, पुन्हा गेला, पुन्हा ओरडलं. घड्याळ काढलं. पुन्हा. खिशातून दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा निघाला, मग पंपाचा एक नट निघाला, तो दुबईत कशाला आणला होता देव जाणे. मग बूट काढायला लावले. त्याच्या वस्तूंनी दोन ट्रे भरले. तो एका हातानं विजार धरून, मोज्यांवर, चकचकीत फरशीवर उभा आणि दोन शिपाई त्याच्याभोवती. आम्ही तिघी पलीकडच्या बाकावर बसलो. माझ्या अंगावरचं काही म्हणता काही उतरलं नव्हतं.

"अव्वा, थांबा हं!" तो तिकडून ओरडला. "जाऊ नका पुढं!"

"थांबलोय की," मी म्हणाले. "सावकाश काढ."